कागदावरची हरणी

दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मला माझं घर सापडलं नाही. शाळेसाठी मी लासूर स्टेशनला आत्याकडे राहत होते. घर म्हणजे एक घोडं, त्याच्या पाठीवर मावेल तेवढा संसार, मेंढरं कोंडायची जाळी, शंभरेक मेंढरं, आई, वडील आणि एक कुत्री. वडलांना मी दादा म्हणते. जिथं मोकळं रान मिळेल तिथं दादांचं बिऱ्हाड जायचं. सुट्टी लागायच्या आत कोणाच्या तरी तोंडी निरोप यायचा की अमुक शिवारात आहोत, ये. त्या वर्षी निरोप आलाच नाही.

दोन दिवस मी एसटीनं आणि पायी हिंडले. ज्या रानात मागल्या वर्षी बिऱ्हाड होतं तिथं तारेचं कुंपण पडलं होतं आणि प्लॉटचा बोर्ड लागला होता. त्याच्या पुढच्या रानातही तेच. चहाच्या टपरीवरचे लोक म्हणायचे, होते बुवा, चार दिवसांमागं हाकलून दिले त्यांना. तिसऱ्या दिवशी करमाडच्या पुढं बाजरी काढलेल्या एका रानाच्या कडेला आधी कुत्री दिसली. तांबूस, उंच, पोट पाठीला टेकलेली. ती भुंकली नाही. माझे हात हुंगले, वळली आणि पुढं चालायला लागली.

"हरणी," मी हाक मारली. "हरणी, थांब की."

तिनं मान वळवली नाही. वारं सुटलं होतं, ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. तिच्या मागं मागं मी घरी पोचले.

घरी काय होतं ते सांगते. रोगानं पस्तीस मेंढरं गेली होती. लोकर कातरून पडली होती आणि ती कोणी फुकट न्यायला तयार नव्हतं. आईचा उजवा हात चुलीवर भाजला होता आणि ती डाव्या हातानं भाकरी थापत होती, त्या तिरक्या व्हायच्या.  मी निघताना दादा म्हणाले, शीक, आणि इकडं परत येऊ नको. मला तो आशीर्वाद वाटला. अजूनही मी तो आशीर्वादच समजते.

मी शिकले. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला संकोच होत नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा दादांनी मेंढरं विकली. चारायला रानच उरलं नव्हतं. ज्या माळावर ते मेंढरं चारायचे त्याच माळावर प्लॉट पडले आणि तिथंच त्यांना वॉचमनचं काम मिळालं. गुरं-मेंढरं आत येऊ द्यायची नाहीत, एवढंच काम.

राखायला मेंढरं नसताना कुत्रीला ठेवून काय करायचं? शहरातून एक माणूस जीपमधून आला होता. अशी जात आता मिळत नाही, मी नीट ठेवीन, असं म्हणाला आणि हरणीला घेऊन गेला. दादांनी त्याच्याकडून काही घेतलं नाही. मी तेव्हा परीक्षेला होते. हे सगळं आईनं नंतर सांगितलं.

पुढं मला चिकलठाण्याला औषधाच्या कंपनीत नोकरी लागली, कागदपत्रांच्या विभागात. बॅच कधी सुरू झाली, कोणी तपासली, कोणी सही केली, याच्या नोंदी ठेवायच्या. तिथं पहिल्या दिवशी शिकवतात की जे कागदावर नाही ते झालंच नाही. मला ते लगेच पटलं. आमच्या घरात जे जे झालं त्यातलं काहीच कागदावर नव्हतं. माझी जन्मतारीखसुद्धा शाळेच्या मास्तरांनी अंदाजानं टाकलेली.

कंपनीपासून जवळच मी दोन खोल्या घेतल्या आणि आईदादांना आणलं. वर्षभरात दादा जिन्यावरून पडले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण ते काही उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले की हाड जुळलंय, माणसाला उठायचं नाही, त्याला आम्ही काय करणार. दादा भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. आई जेवण भरवायची, मी कंपनीतून आले की पाय चोळायचे, टीव्ही लावून द्यायचे. टीव्हीकडं ते बघत नव्हते. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसायची, तिच्याकडंही नाही. असं आठ-नऊ महिने चाललं. खरं सांगायचं तर मी आशा सोडली होती आणि फक्त हजेरी लावत होते.

तेव्हा मला कुत्र्याचं सुचलं. फोनवर एक जाहिरात दिसली. वेरूळच्या रस्त्याला एका ब्रीडरचं फार्महाऊस होतं आणि त्याच्याकडं आमच्याच कुत्र्यांसारखी, लांब तोंडाची, आत गेलेल्या पोटाची पिल्लं होती. शुद्ध जात, कुत्र्यांच्या क्लबच्या सर्टिफिकेटसह, असं लिहिलेलं. ज्या कुत्र्यांना आम्ही नुसतं कुत्रं म्हणायचो त्यांना आता सर्टिफिकेट मिळतं, हे वाचून मला हसू आलं. रविवारी गेले. सात पिल्लं होती. एक तांबडी मादी माझ्या चपलेवर येऊन बसली.

ब्रीडर पन्नाशीचा, बोलका माणूस होता. पिल्लाच्या आईची, बापाची माहिती सांगता सांगता त्यानं वंशावळीचा कागद पुढं केला. आई, आजी, पणजी अशा चौकटी आखलेल्या. मी वाचत गेले. आजीच्या पुढं, पणजीच्या चौकटीत लिहिलं होतं, हरणी. तिच्या आईच्या चौकटीत, अज्ञात. बापाच्या चौकटीत, अज्ञात.

मी त्याला विचारलं, ही हरणी कुठली. तो म्हणाला, लई जुनी गोष्ट आहे मॅडम, जालना रोडकडून एका धनगराकडून मीच जीपमधून आणली होती. क्लबचा माणूस येऊन बघून गेला, मापं घेतली आणि नोंद झाली. माझं सगळं केनेल, ही सगळी पैदास, तिच्यावरच उभं आहे.

"तो धनगर माझा बाप आहे," मी म्हणाले.

 त्यानं आतून खुर्ची मागवली. तोवर मी उभीच होते.

मला वाटलं होतं, आता काम सोपं झालं. मी सांगितलं की हे पिल्लू मी घेते, पण कागदावर तिचं नाव हरणी पाहिजे. आमच्यात रीत आहे, निदान आमच्या घरात, की कुत्री गेली की तिचंच नाव पुढच्या कुत्रीला जातं. दादांच्या आज्यापासून एकच नाव चालत आलंय. त्या कागदावर अज्ञात लिहिलंय ते मी खोडू शकत नाही, पण एवढं तरी लिहा.

ब्रीडरनं मान हलवली. नाव ठेवायचा हक्क ब्रीडरचा असतो, पिल्लू घेणाऱ्याचा नाही. आधी केनेलचं नाव लागतं, मग पिल्लाचं. आणि त्याच्याकडं एका वेताची सगळी नावं एकाच अक्षरावरून असायची. पहिल्या वेताची ए वरून, दुसऱ्याची बी वरून. हे वेत ई चं. माझ्या तांबडीचं नाव त्यानं एम्प्रेस ठरवून ठेवलं होतं.

"तुम्ही घरात काहीही म्हणा मॅडम. गुड्डी म्हणा, हरणी म्हणा, कोण बघायला येतंय? कागदावर माझं राहू द्या. तुमच्या कुत्रीला पिल्लं झाली की त्यांची नावं तुम्ही ठेवा, तेव्हा हक्क तुमचा."

ई वरून एच ला पोचायला अजून तीन वेतं, तोवर थांबता का, असंही तो म्हणाला आणि स्वतःच हसला. माणूस वाईट नव्हता. त्याची पद्धत होती, आणि पद्धतीच्या माणसाशी कसं वागायचं हे मला नोकरीनं शिकवलं होतं. मी पिल्लू घेऊन घरी आले आणि क्लबचे नियम मिळवून वाचले, पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यात एका अक्षराची अट कुठंच नव्हती. ती त्याची हौस होती. एकदा नोंद झाली की नाव बदलत नाही, अशी अट मात्र होती. दुसरी गोष्ट मला त्याच्या टेबलावरच दिसली होती. या वेताचे फॉर्म त्यानं अजून भरलेलेच नव्हते. मागच्या वेताचे दोन चुकीचे भरल्यामुळं परत आले होते, ते तसेच पडले होते.

पुढच्या रविवारी मी परत गेले. म्हणाले, तुमचे सगळे फॉर्म मी भरून देते, परत आलेले आणि नवे, कातडीखालच्या चिपचे नंबर, सह्या, फोटो, सगळं. एकही परत येणार नाही. बदल्यात एक नाव माझं.

त्यानं फायलींच्या ढिगाकडं बघितलं आणि कबूल झाला. दोन रविवार मी त्याच्या ओसरीवर बसून फॉर्म भरले. सातव्या पिल्लाच्या नावाच्या रकान्यात, केनेलच्या नावापुढं, मी माझ्या हातानं हरणी लिहिलं. मालकाच्या रकान्यात दादांचं नाव. अक्षर माझं चांगलं आहे. त्या दिवशी बसनं घरी येताना मला पदवी घेतल्याच्या दिवसासारखं वाटलं होतं. उलट पदवीच्या दिवशी फोटो काढायची घाई होती, इथं तीही नव्हती.

घरी तोवर एक फरक पडला होता. पिल्लू आणलं त्या पहिल्या दिवशी मी ते दादांच्या बाजेवर ठेवलं तेव्हा ते बऱ्याच वेळानं भिंतीकडून वळले. पिल्लाचं तोंड उघडून टाळू बघितली. पंजे दाबून बघितले. शेपटीवरून हात फिरवला. मग मला म्हणाले, पाणी आण. मी पाणी घेऊन येईस्तोवर त्यांनी पिल्लाला छातीशी धरलं होतं आणि तोंड तिच्या कानाशी नेलं होतं. मला वाटलं हुंगतायत. आईनं माझ्या हातातून तांब्या घेतला आणि मला परत स्वयंपाकघरात ढकललं.

त्या दिवसापासून दादा भिंतीकडं तोंड करून झोपले नाहीत. उठले मात्र नाहीत. मी हे मुद्दाम सांगते, कारण कुत्रं आणलं आणि म्हातारा चालायला लागला असं काही झालं नाही. ते बाजेवर, ती बाजेखाली. मी "हरणी, हरणी" म्हणून बोलवायचे तेव्हा ती माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. लहान आहे, शिकेल, असं मी म्हणायचे. दादांनी मात्र नुसते ओठ हलवले तरी ती उठून उभी राहायची.

सर्टिफिकेट पाच महिन्यांनी पोस्टानं आलं. मी फॉर्मवर शहराचं नवं नाव लिहिलं होतं, पाकिटावर जुनंच होतं, पण आलं. मी ते घेऊन दादांजवळ बसले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून बोट फिरवत वाचून दाखवलं. केनेलचं नाव, जात, रंग, जन्मतारीख, मालक. मालकाच्या नावाला त्यांनी मान हलवली.

"कुत्रीचं काय लिवलं म्हनलीस?"

"हरणी. आपली हरणी, दादा. तिचंच नाव लावलं. तो देत नव्हता, भांडून लावलं."

त्यांनी आईकडं बघितलं. आई चुलीकडं, म्हणजे गॅसकडं, वळली. दादांनी कागदावर हात ठेवला. त्यांचा हात तेव्हा फार हलका झाला होता.

"बरं केलंस," ते म्हणाले. "चांगलं लिवलंय."

मी कागद फ्रेम करायला टाकायचं म्हणून फायलीत ठेवला आणि ताटं घ्यायला आत गेले. आई भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"हरणी कुत्रीचं नाव नव्हतं, माय," ती म्हणाली. "ते लोकांला सांगायचं."

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं, भाकरी उलटत, दोन-दोन शब्दांत. कुत्रीचं खरं नाव मेंढरं ज्याची त्यालाच ठाऊक. ते कानात सांगायचं. रानात एकटं असताना तेवढं घ्यायचं, बिऱ्हाडात आणि लोकांपुढं शिट्टी. कारण नाव ज्याला कळलं तो कुत्रीला नावानं बोलावून नेतो, आणि कुत्री गेली की मेंढरं गेली. म्हणून कोणी विचारलं तर दुसरंच नाव सांगायचं. जीपवाल्यालाही तेच सांगितलं. दादांच्या बापानंही लोकांना हरणीच सांगितलं होतं. ते आतलं नाव आईलाही माहीत नव्हतं. ऐकलं असंल एखाद्या वेळी, ध्यान नाय दिलं, म्हणाली.

"मी लोक आहे का?" मी विचारलं.

"तू शाळेत जायचीस. शाळेतली लेकरं कोणालाबी सांगतेत."

मी चौदा वर्षांची असताना तीन दिवस हिंडून जिच्या मागं घरी पोचले होते, तिला मी परक्या नावानं हाक मारली होती. वारं सुटलं होतं म्हणून ती थांबली नाही असं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी दादांकडं गेले. म्हणाले, मला सांगा. मेंढरं नाहीत, आता कोण चोरून नेणार आहे? ते बाजेखाली हात सोडून पडले होते, कुत्री तो हात चाटत होती.

"सांगितलं तर लिवशील."

"नाही लिहिणार."

"लिवशील, बाई. तुझं कामच हाय ते."

रागानं म्हणाले नाहीत. उलट त्यांच्या आवाजात माझ्या कामाचं थोडं कौतुकच होतं, तेच मला सोसलं नाही. आणि ते खरंही होतं. मी लिहिलं असतं. आज इथंच लिहिलं असतं, पहिल्या ओळीत.

त्यानंतर मी चार-पाच वेळा विचारलं. एकदा शपथ घेतली. एकदा भांडले, म्हणाले की मी तुम्हाला या घरात आणलं, औषध केलं, मला परकी म्हणता. ते म्हणाले, परकी कोण म्हनतंय, मेंढरं कुठं हायेत तुझ्याकडं. ज्याच्याकडं मेंढरं त्याला नाव द्यायचं, एवढीच रीत त्यांना माहीत होती. पदवीला नाव द्यायची रीत नव्हती. मी रागानं दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते दोन दिवस मला परत मिळणार नाहीत.

उन्हाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. घाटी रुग्णालयात आठ दिवस होते, तोंडाला मास्क. शेवटच्या दिवशी मी मास्क थोडा बाजूला करून कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी मला ओळखलं. तोंड मिटून घेतलं.

कुत्री मागं राहिली. बाजेखालची जागा तिनं सोडली नाही. मी आईला नको म्हणून सांगितलं तरी आईनं बाज तशीच ठेवली. जेवायला ती ताटाच्या आवाजावर येते आणि बाहेर नेलं की शिट्टीवर चालते. हाक मारली की येत नाही, कारण जी हाक तिला कळते ती मारणारा माणूस नाही. सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासमोर बसून नावं घेऊन बघितली. लहानपणी कानावर पडलेली सगळी. मेंढ्यांची, घोड्याची, नद्यांची, आज्यापणज्यांच्या बायकांची, ताऱ्यांची. मी कागदावर यादी केली होती आणि एकेक नावावर खूण करत होते. आई म्हणाली, माय, तू कंपनीतबी अशीच बसतीस का? एकदा तिचा कान उभा राहिला आणि माझ्या हातातून पेन पडलं. आत कुकरची शिट्टी झाली होती.

यादी मी अजून ठेवली आहे. बरीच मोठी आहे. त्यात ते असेलही, कदाचित मी ज्या सुरात म्हणाले तो सूर चुकला असेल. किंवा ते नाव नसेलच, नुसता एक आवाज असेल, जो लिहिता येत नाही.

ब्रीडरचा चार महिन्यांमागं फोन आला. दादांचं ऐकून त्याला वाईट वाटलं. मग चाचरत म्हणाला की तुमच्या हरणीचं वेत घ्यायचं का, माझा नर चांगला आहे, आणि या खेपेला कागद तुमच्या नावानं. मी हो म्हणाले. दादांच्या मृत्यूचा दाखला जोडून मालकाच्या रकान्यात माझं नाव लावून घेतलं. माझ्या स्वतःच्या केनेलचा फॉर्म भरला, तो एका फेरीत मंजूर झाला.

परवा पिल्लं झाली. पाच आहेत, दोन तांबडी. फॉर्म समोर ठेवलाय. ब्रीडरच्या रकान्यात माझं नाव आहे, आईच्या रकान्यात हरणी, खापरपणजीच्या चौकटीतही हरणी आणि त्याच्या पुढं अज्ञात, अज्ञात. पिल्लांच्या नावाचे पाच रकाने रिकामे आहेत. नियमानं नाव ठेवायचा हक्क आता माझा आहे, आणि तो मी मिळवला आहे.